दहा मिनिटांची ग्रेस

सध्या माझी पोस्टिंग विद्यानगरात आहे. एक खाजगी ज्युनिअर कॉलेज, गेट नंबर दोन. फौजेतून पेन्शन घेऊन तेरा वर्षं झाली, तरी पोस्टिंग हा शब्द जिभेवरून उतरत नाही. ड्युटी सकाळी सात ते संध्याकाळी पाच. माझ्या हाताखाली दोन गार्ड आहेत. दोघंही सव्वासातच्या आत कधी उगवत नाहीत. मी सातला असतो. पाच मिनिटं आधी नाही आणि पाच मिनिटं नंतरही नाही.

नाव मिलिंद सोनकांबळे, माजी हवालदार. आजोबा नांदेडकडून हैदराबादला आले ते इथलेच झाले. वडील युनिव्हर्सिटीत लॅब अटेंडंट होते. घरात मराठी, गल्लीत दख्खनी, शाळेत तेलुगू, अशी माझी जीभ तीन ठिकाणी वाढली. बायको सुजाता तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा निखिल पुण्याला असतो. रविवारी फोन करतो, "पप्पा, जेवलात का?" विचारतो. मी हो म्हणतो. त्यानंतर आम्हा दोघांनाही विषय सुचत नाही. त्याला मराठी बोलता येतं, वाचायचं म्हटलं की अडखळतो. म्हणून हे मराठीत बिनधास्त लिहितोय.

संध्याकाळी साडेपाचला खोलीवर. वरण-भात एका माणसाचा करायचा म्हणजे वैताग असतो. पातेल्याचा तळही झाकत नाही. साडेआठला टीव्हीवर नाचाचा कार्यक्रम लागतो. सुजाता बघायची म्हणून मीही लावतो. एखादी पोरगी जीव तोडून नाचते आणि परीक्षक म्हणतो, सगळं बरोबर आहे, पण ग्रेस दिसली नाही. आमचा ट्रेनिंगचा उस्तादही असंच म्हणायचा. "सोनकांबळे, तेरे ड्रिल में ताकत है, ग्रेस नहीं. तू पैर नहीं मारता, जमीन से दुश्मनी निकालता है." सुजाता असती तर हसली असती. आता मी एकटाच हसतो, तेही जाहिराती लागेपर्यंत.

लोक विचारतात, बॉर्डरवर होता ना, सांगा काहीतरी. मी बर्फाचं सांगतो, थंडीचं सांगतो. पूर्ण मात्र कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

त्याआधी एक कबुली. मी फौजेत गेलो तो ग्रेस मार्कांवर. दहावीला गणितात तीन कमी पडले होते. कोणा अनोळखी माणसानं ते तीन घातले आणि मी पास झालो. वडिलांनी निकाल बघितला आणि म्हणाले, "फुकट मिळालंय, फुकट घालवू नको." ते गेल्यावरही हे वाक्य माझ्या मागं लागून राहिलं.

फौजेत आलो आणि वेगळीच ग्रेस शिकलो. सिव्हिलियन लोकांना वाटतं फौज घड्याळावर चालते. चालते, पण कोणत्या घड्याळावर, ते विचारा. कर्नल साहेब सांगतात, परेड आठ वाजता. कंपनी कमांडर खाली सांगतो, पावणेआठ. सुभेदार साहेब सांगतात, साडेसात. हवालदार सांगतो, सव्वासात. जवान बिचारा सातला बूट चमकवून उभा, आणि तासभर आठापासून सातापर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालतो. याला मार्जिन म्हणतात. प्रत्येक जण आपलं घालतो आणि पुढे ढकलतो. त्यामुळे एखादा पाच-दहा मिनिटं उशिरा आला तर हवालदार डोळे वटारतो आणि म्हणतो, "चल, ग्रेस दिया." कारण त्याला माहीत असतं, खरी वेळ अजून लांब आहे. खरी वेळ नक्की किती, ते मात्र कुणालाच माहीत नसतं.

हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

आता मार्चमधला तो सोमवार. इंटरच्या, म्हणजे बारावीच्या परीक्षेचा पहिला पेपर. आमच्या कॉलेजात सेंटर होतं. वेळ नऊची. नऊ वाजता गेट बंद, त्यानंतर आत कुणी नाही. तसा बोर्ड आठ दिवस आधीच लावला होता, तेलुगूत, इंग्रजीत आणि उर्दूत. माझं घड्याळ रेडिओच्या ठोक्यावर लावलेलं असतं. नऊला मी गेट ओढलं आणि कडी घातली.

नऊ वाजून तीन मिनिटांनी एक ऑटो आली. मागे इंग्रजीत लिहिलेलं, गॉड्स ग्रेस. लिहायला काय जातंय! तिच्यातून एक मुलगी उतरली. सतरा-अठराची, दोन वेण्या, हातात पारदर्शक पाऊच. मागोमाग आई. पुलाखाली ट्रॅफिक जाम होता म्हणाल्या. खरंच असणार, तिथं रोज असतो.

आई म्हणाली, "अंकल, पाँच मिनट का ग्रेस देओ. बच्ची का साल जाता."

मी म्हणालो, "नऊ म्हणजे नऊ, अम्मा."

"पेपर अभी बांटे भी नहीं होंगे."

"नसतील. गेट बंद आहे."

मी मराठीत बोलत होतो, हे नंतर लक्षात आलं. मी ताणात आलो की मराठीत जातो. आईनं हात जोडले. मग गेटचे गज धरले. मुलगी रडली नाही. ती कधी माझ्याकडे बघत होती, कधी माझ्या घड्याळाकडे. हातातला पाऊच तिनं इतका दाबला होता की आतली पट्टी मोडल्याचा आवाज आला. चौदा मिनिटं त्या दोघी उभ्या होत्या. मी सावधान उभा होतो. मग त्या गेल्या.

कुणीतरी मोबाइलवर शूटिंग घेतलं होतं. दुपारपर्यंत मी अख्ख्या हैदराबादच्या फोनमध्ये. खाली लोकांनी काय काय लिहिलं! दगड. जल्लाद. एकानं लिहिलं, याला स्वतःची मुलं नसणार. निखिलचा फोन आला, रविवार नसताना. "पप्पा, तीन मिनिटं तर होती. सोडायचं ना." मी म्हणालो, "तुला नाही कळणार." तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं तर कळेल की." मी फोन ठेवला. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नियमानं वागलात." त्यांनी पाठ थोपटली तरी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी आणखी एक फोन आला. मरियम्माचा.

"हवालदार साब, टीव्ही में आये तुम."

"मोबाइल में, अम्मा."

"वहीच. बुधवार को आते ना?"

"आता हूँ."

"सुलतान बाजार से भूरा धागा लाना. और हुक का पत्ता. खाना यहाँच खाना."

मरियम्मा म्हणजे माझ्या पलटणीतल्या नायक प्रभुदासची आई. वय सत्तरच्या पुढे. सिकंदराबादेत मेट्टुगुड्याला दोन खोल्यांत एकटी राहते, शेजारच्या बायकांचे ब्लाउज शिवते. प्रभुदास मार्चमध्ये गेला, सतरा वर्षांपूर्वी. त्या तारखेला मी दरवर्षी जातो. त्याशिवायही दोन-तीन महिन्यांनी चक्कर असते. ती आधी सामानाची यादी सांगते, मी सुलतान बाजारातून घेऊन जातो. सुजाता गेल्यापासून या शहरात माझ्यासाठी ताट वाढून कुणी वाट बघत असेल तर ती एकटी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी धागा आणि हुक घेऊन पोचलो. बारा वाजले होते. भिंतीवर प्रभुदासचा फोटो, युनिफॉर्ममधला, त्याला ताजी मोगऱ्याची माळ. ताटात भात, पप्पू म्हणजे घट्ट डाळ, गोंगुऱ्याची म्हणजे अंबाडीची चटणी. प्रभुदासच्या आवडीचं. जेवायच्या आधी ती डोळे मिटून प्रार्थना म्हणते, मी मान खाली घालतो. आम्ही बौद्ध, ती ख्रिश्चन. सतरा वर्षांत कधी अडलं नाही. पण त्या दिवशी तिनं प्रार्थना सुरू केली नाही. माझ्याकडे बघत बसली.

"बच्ची को कायकू नहीं छोड़े?"

"नियम है, अम्मा."

"मेरेकू मालूम नियम है. तुम कायकू नहीं छोड़े?"

मी म्हणालो, वेळ म्हणजे वेळ. वेळेला ढील दिली की माणसं मरतात. फौजेत मी बघितलंय.

ती म्हणाली, "उधर पहाड़ था. बर्फ था. इधर क्या था, बेटा? गेट के ऊपर क्या लटक रहा था?"

माझ्याकडे उत्तर होतं. सतरा वर्षं होतं. दरवेळी तिनं ताट पुढे ठेवलं की जीभ रेटायची नाही. पहिल्यांदा आलो होतो तो सांगायलाच. तिनं विचारलं, "मेरे बच्चे के साथ थे ना तुम?" आणि भात वाढला. मी जेवलो आणि परत गेलो. त्यानंतर प्रत्येक घास उधारीचा होता. सांगितलं असतं तर हे घर गेलं असतं. घाबरलो होतो. दुसरं काही कारण नाही.

त्या दिवशी मी ताट बाजूला सरकवलं आणि सांगितलं. तुम्हालाही तेच सांगतो.

आमची कंपनी तेव्हा उत्तरेला बर्फात होती. एक वरची पोस्ट, एक खालचा बेस, आणि दोन्हींच्या मध्ये मधली पोस्ट. मधल्या पोस्टचा कमांडर मी. माझ्यासोबत आठ जवान, एक रेडिओ सेट, बेसला जोडलेला एक टेलिफोन. मधल्या पोस्टच्या समोर नाला होता. नाला म्हणजे पाणी नव्हे. दोन कड्यांमधली बर्फाची उभी उतरण. वरून खाली येणाऱ्या प्रत्येकाला ती आडवी ओलांडावी लागे. ओलांडायला आठ मिनिटं. सकाळी ऊन वरच्या बर्फावर पडलं की तो सुटायला लागतो. म्हणून ठरावीक वेळेनंतर नाल्यात पाऊल टाकायचं नाही. ती वेळ पाळून घेणं माझं काम. मी हो म्हटलं तर माणूस नाल्यात उतरायचा, नाही म्हटलं तर वरच थांबायचा.

प्रभुदास वरच्या पोस्टवर होता. अख्ख्या बटालियनमध्ये हैदराबादचे आम्ही दोघंच. त्याची तेलुगू, माझी मराठी, आणि दोघांची मिळून दख्खनी. "नक्को" आणि "हौ" ऐकून बाकीचे हसायचे. त्याच्या ट्रेनिंगनंतरची सात वर्षं आम्ही जवळपास एकत्र काढली. जेवायच्या आधी तो डोळे मिटून पुटपुटायचा. मी पहिल्यांदा विचारलं, हे काय? म्हणाला, ग्रेस. मी म्हणालो, मला ती गणितात मिळाली होती. तर म्हणाला, "मेरेकू रोज मिलती. ये देख, खाना मिला ना?"

त्या उंचीवर डाळ ताटात पडल्यापासून गार व्हायला एक मिनिट लागत नाही. आणि याची प्रार्थना लांबलचक. अन्न दिलंस, बरं केलंस. ज्याला नाही मिळालं त्यालाही दे. आणि जो वाटेत आहे त्याला घरी पोचव. मी ओरडायचो, "अरे, तुझ्या देवाला सांग, डाळीवर बर्फ जमला!" तो एक डोळा उघडायचा, हसायचा, परत मिटायचा आणि राहिलेलं पूर्ण करायचा. घाई नावाची गोष्ट त्याला माहीत नव्हती.

पूर्वी नाल्याची वेळ सहा वाजून दहा होती. नेहमीसारखं प्रत्येकानं आपलं मार्जिन घातलेलं. त्यामुळे वरची पार्टी अंधारात निघायची, नाल्याच्या काठावर थंडीत ताटकळायची. दोघांच्या पायांची बोटं गेली. नवे कॅप्टन साहेब आले, तरुण, हुशार. त्यांनी आठ दिवस स्वतः काठावर बसून ऊन कुठं कधी पडतं ते बघितलं. मग टेलिफोनवर मला म्हणाले, "सोनकांबळे, नया टाइम छह चालीस. ये असली चालीस है. इसमें मार्जिन नहीं है. मैंने काट दिया है. समझे?"

"समझ गया, साहब."

काय समजलो? काहीच नाही. चौदा वर्षांच्या नोकरीत मार्जिन नसलेली वेळ मी बघितलीच नव्हती. मला वाटलं, साहेब लोक असंच म्हणतात. दहा-पंधरा मिनिटं त्यांनी खिशात ठेवलीच असतील.

त्या दिवशी प्रभुदास सुट्टीवर उतरणार होता. दोन महिन्यांची सुट्टी मंजूर. ईस्टर तोंडावर आलेला. बेसवरून नऊ वाजता हेलिकॉप्टर. ते चुकलं तर पुढचं कधी, ते हवामानाच्या मर्जीवर. लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टमध्ये ये-जा करणारी तुकडी, पाच जणांचं, कमांडर तोच. वरून निघताना एकाच्या बुटाचा क्रॅम्पॉन तुटला. म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दात. तो तारेनं बांधण्यात वेळ गेला.

सहा चव्वेचाळीसला सेट वाजला.

"मिडल, लिंक बोल रहा. नाले पे हूँ. ओव्हर."

"लिंक, तुम लेट हो. ओव्हर."

"एक का क्रॅम्पॉन टूटा. दस मिनट का ग्रेस देओ, भाई. ओव्हर."

सेटवर भाई म्हणायचं नसतं. मी त्याला झापायला हवं होतं. टेलिफोन माझ्या उजव्या हाताशी होता. कॅप्टन साहेबांना विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणूनच विचारलं नाही. मी वर बघितलं. ऊन वरच्या कड्यावर आलं होतं, नाल्यावर नव्हतं. मनात म्हटलं, मार्जिन असणारच.

"दिया. पचास तक आखिरी आदमी अंदर. ओव्हर."

"रॉजर. शुक्रिया. आउट."

शुक्रिया हा त्याचा माझ्याशी शेवटचा शब्द.

त्यांनी नियमाप्रमाणे अंतर ठेवलं. एकेक मिनिटानं एकेक माणूस. कमांडर शेवटी. सहा अठ्ठेचाळीसला प्रभुदास नाल्यात उतरला. मी दुर्बिणीतून बघत होतो. पहिला आमच्या बाजूला पोचला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रभुदास राहिला. तीस पावलं राहिली होती. मी मोजली. चालत तसाच होता, नेहमीसारखा, बिनघाईचा. सहा पंचावन्नला वर आवाज झाला, कपडा फाटल्यासारखा. तो थांबला, वर बघितलं. मी ओरडलो, पळ! सेटमध्ये नाही, नुसताच हवेत. मग तिथं पांढरं झालं. थोड्या वेळानं ते बसलं, तर नाला मोकळा.

एकाला सेटवर बसवून आम्ही आठ आणि ते चार, असे बारा जण फावडी घेऊन उतरलो. ऊन नाल्यावर आलेलं, वरचा बर्फ कधीही परत आला असता. कुणी थांब म्हणालं नाही, मीही नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी तो सापडला. श्वास नव्हता. आतल्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं सुट्टीचं सर्टिफिकेट होतं, कोरडं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी खरं सांगितलं. परवानगी मी दिली, कुणाला न विचारता. कॅप्टन साहेब माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, "मैंने कहा था ना, असली है." मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ठपका मिळाला, सर्व्हिस बुकात लाल शाईनं. प्रमोशन थांबलं. त्याचं वाईट वाटलं नाही. त्या दिवसापासून मी कुणाला ग्रेस दिली नाही, एवढंच. ना जवानाला, ना मुलाला, ना बायकोला. सुजाता म्हणायची, घरात माणूस आहे की घड्याळ? तिलाही मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बिचारीनं समजून घेतलं असतं.

हे सगळं मी मरियम्माला सांगितलं. ती ऐकत होती. हात भाताच्या पातेल्याच्या झाकणावर. मी थांबलो. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग तिनं माझं ताट उचललं, जसंच्या तसं, आणि आत घेऊन गेली. आतूनच म्हणाली, "आज जाओ तुम."

मी बूट घातले. दारात वळून फोटोला सॅल्यूट करायची माझी सवय आहे. त्या दिवशी हात वर गेला नाही. मेट्टुगुड्यापासून विद्यानगरपर्यंत चालत आलो. बस होत्या, ऑटो होत्या, पण कुणाशेजारी बसवेना.

पुढचे दिवस कसे गेले, काय सांगू. फोन वाजला की धावत जाऊन बघायचो. कधी मोबाइल कंपनीचा मेसेज, कधी राँग नंबर. रविवारी निखिलनं विचारलं, "जेवलात का?" मी पहिल्यांदा म्हणालो, "नाही." त्यानं तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "का?" आणि मी त्याला सांगितलं, थोडंसं, नाल्याचं. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "पप्पा, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलेले असता." घ्या! पंचवीस वर्षांचा मुलगा हे आज बोलतोय.

परीक्षा चालूच होती. गेट मी नऊलाच बंद करत होतो. नियम माझा नव्हता, बदलणं माझ्या हातात नव्हतं. पण दुसऱ्या पेपरपासून मी सव्वाआठला शिट्टी घेऊन पुलाखाली जाऊन उभा राहू लागलो. गेट दोन्ही गार्डांच्या हवाली. ऑटोत कुणाच्या मांडीवर पाऊच दिसला की ती ऑटो आधी काढायची. बसवाले शिव्या द्यायचे, एक ट्रॅफिक पोलीस आधी खेकसला, मग हसायला लागला. नऊला पाच कमी असताना मी पळत गेटवर. गुडघे बोंबलायचे. त्यानंतर आमच्या सेंटरवर एकही मूल बाहेर राहिलं नाही.

ती दोन वेण्यांची मुलगी पुढच्या पेपरला आली, आठ वीसला. मी उभा होतो तिथूनच तिची ऑटो गेली. तिनं मला बघितलं आणि तोंड फिरवलं. बरोबर आहे. तिचा एक पेपर मी खाल्ला होता. पुरवणीला ती बसेल, तेव्हाही मी पुलाखाली असेन. आणखी काही करण्यासारखं मला सुचत नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"हवालदार साब."

"जी, अम्मा."

"काला धागा. दो रील. कल दोपहर को."

एवढंच बोलून ठेवून दिला. मी सुलतान बाजारात गेलो. दोन रिळं घ्यायची तर चार घेतली. रंगाची गडबड नको म्हणून दुकानदाराला उन्हात आणून दाखवायला लावली. तो म्हणाला, "काले में क्या फरक होता, चच्चा?"

रविवारी बाराला पोचलो. ती चर्चमधून आली होती, पांढऱ्या साडीत. मी दारातच उभा राहिलो. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. धाग्याची पिशवी घेतली, रिळं मोजली, मशीनच्या खणात टाकली. माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागली.

प्रभुदास निघायच्या चार दिवस आधी बेसमार्फत जोडून दिलेला त्याचा फोन आला होता. म्हणाला, अम्मा, हेलिकॉप्टरचं काही खरं नाही, ईस्टरनंतर आलो तर चालेल ना? ती चिडली. दोन ईस्टर ती एकटी बसली होती. म्हणाली, या ईस्टरला आला नाहीस तर या घराची पायरी चढू नकोस. तो हसला आणि म्हणाला, येतो, काहीही करून येतो.

"किसीकू नहीं बोली मैं," ती म्हणाली. "सतरह साल. पादरी को भी नहीं." मग वळली. "दस मिनट तुम दिये. बुलाई तो मैं थी."

मला रडू आलं. लपवलं नाही. फौजेत शिकवतात ते सगळं विसरलो आणि उंबऱ्यात बसून रडलो. म्हातारीही रडली, उभ्यानंच, मशीनला धरून. माफ केलं का, असं मी विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "हाथ धो लेओ."

ताटं मांडली. भात, पप्पू, गोंगुरा, ईस्टर म्हणून मटण. वाफा निघत होत्या. मी मान खाली घातली, तिच्या प्रार्थनेची वाट बघत. ती बोलेना. वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती.

"तुम बोलो," ती म्हणाली.

"मैं?"

"उसका तुमकू याद है. मेरेकू नहीं मालूम वो उधर क्या बोलता था."

याद होतं. सात वर्षं शिव्या घालत ऐकलेलं होतं. मी डोळे मिटले आणि त्याच्या तेलुगूत सुरू केलं. अन्न दिलंस, बरं केलंस. ज्याला नाही मिळालं त्यालाही दे. पुढचं वाक्य माहीत होतं, पण तोंडातून फुटेना. डोळ्यापुढे तो नाला आला. चार माणसं या बाजूला, एक अजून चालतोय, तीस पावलं राहिलीत. मरियम्मानं मला सुचवलं नाही, चल म्हणाली नाही. ती थांबली. मी किती वेळ तसा बसलो होतो, घड्याळात बघितलं नाही.

मग म्हणालो. जो वाटेत आहे त्याला घरी पोचव.

डोळे उघडले तेव्हा पप्पू गार झाली होती. आम्ही जेवायला बसलो.